हरणारीनं ड्रेस धुवायचा

मी नांदेडला कराटे शिकवते. ती लातूरला ज्युदो शिकवायची. आमची ओळख वीस-बावीस वर्षांपूर्वी किनवटकडच्या एका आश्रमशाळेत झाली. मुलींसाठी स्वसंरक्षणाचं दहा दिवसांचं शिबिर होतं आणि आम्हा दोघींना एकाच वर्गावर टाकलं होतं. पहिल्या सकाळी मी मुलींना लाथ दाखवत होते. ती भिंतीला टेकून शेंगा खात होती.

"कराटेबाई," ती म्हणाली, "गुंड काय एवढ्या लांब थांबून तुमची लाथ बघत बसतंय व्हय? ते येऊन धरतंय."

"मग या, धरा."

तिनं माझा हवेतला पाय धरला. मी सतरंजीवर पडले, पण डोकं आपटलं नाही, कारण दुसऱ्या हातानं तिनं माझी मान झेलली होती. मुली खिदळल्या. उरलेले दिवस तिनं मला पडायला आणि कुणी अंगावर पडून दाबलं तर निसटायला शिकवलं. मी तिला अंतर राखायला शिकवलं. एकमेकींच्या विद्येला आम्ही मनातून थोडं कमीच लेखायचो. ते शेवटपर्यंत बदललं नाही.

त्या वर्षीपासून दसऱ्याला भेटायचं ठरलं, एकदा नांदेडला, एकदा लातूरला. सकाळी दोघींचे काळे पट्टे पूजेत ठेवायचे आणि मग हॉलवर तीन मिनिटांचा सामना. तिनं मला पाडलं तर ती जिंकली. त्याआधी माझा हात तिच्या अंगाला तीनदा लागला तर मी. हरणारीनं जिंकणारीचा ड्रेस हातानं धुवायचा, मशीन चालणार नाही. ज्युदोचं जॅकेट भिजलं की गोधडीइतकं जड होतं. मी ते बरेचदा धुतलं आहे.

चार वर्षांपूर्वीचा दसरा नांदेडला होता. त्या उन्हाळ्यात माझं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. मी बरी झाले होते, पण भेटेल तो माणूस "जपा हं" म्हणायचा आणि मला त्याचा वीट आला होता. सामना सुरू झाला. दुसऱ्याच मिनिटाला तिनं माझी बाही आणि कॉलर धरली, मला कमरेवर घेतलं. मी गेलेच होते. आणि बाही सुटली. मी वळून तीन हात लावले. माझ्या क्लासच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तिची पकड मला माहीत होती. ती सुटत नसे, सोडवावी लागे. मी तिला कोपऱ्यात गाठलं.

"पेशंट समजून सोडलंस का मला?"

"न्हाई गं. हात निसटला."

"तुझा हात निसटत नाही. खोटं बोलू नको."

"बरं बाई, सोडलं म्हण. आण तो ड्रेस इकडं."

तिनं ड्रेस धुतला आणि गच्चीत दोरीवर टाकला. दुपारी मी वर गेले तर त्यातून पाणी ठिबकत होतं. पिळलाच नव्हता. खाली फरशीवर तळं. मला वाटलं, हिनं रागारागात काम उरकलं. आधी दया दाखवली, वर नीट धुतलंही नाही. ती चार वाजताच्या गाडीनं गेली. मी स्टँडपर्यंत गेले नाही.

पुढचे पाच महिने मी तिला फोन केला नाही. तिचे दोन आले, ते उचलले नाहीत. मला कामं होती, असं मी स्वतःला सांगितलं. कामं होतीच.

मार्चमध्ये तिच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईला हैदराबादला नेलं होतं. तुम्ही या."

मी लातूरला गेले. ती खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस गेलं होतं, तिथं खळगा होता. आधी मानेची नस दबली म्हणून पट्टा, मग गोळ्या, मग शेक झाले होते. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना चालवणाऱ्या नसाच मरत जातात, औषध नाही. आधी हात, मग बाकीचं.

"कधीपासून होतं?" मी विचारलं.

"पोळ्यापासून. कप पडायचे हातातून. मला वाटलं पकड ढिली पडली. म्हणून दोर चढायले रोज."

ती तीन महिने हॉलमधला दोर चढत होती, दिवसातून दहा वेळा. आमच्या धंद्यात हात कमजोर वाटला की कुणी डॉक्टरकडे जात नाही, सगळे व्यायाम वाढवतात. मीही तेच केलं असतं. तिच्या मुलीलाही तिनं हेच सांगितलं होतं, की सराव कमी पडतोय.

लवकर कळलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते मी मानते. पण सामन्यात तिचा हात पहिल्यांदा सुटला तो माझ्या बाहीवरून, आणि न पिळलेला ड्रेस मी स्वतः पाहिला होता. डॉक्टरांच्या आधी मला कळण्यासारखं होतं. तिला ज्या पाच महिन्यांत भाजी चिरता येत होती, वेणी घालता येत होती, त्या महिन्यांत मी रुसून बसले. ते तिच्या आजारानं नेले नाहीत.

माफी मागायला मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "चहा पाज आधी. कप तूच धर."

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा जात राहिले. हॉल बंद झाला. दोन्ही हात गेले, खांदे उतरले, बोलणं जड झालं. पाय चालत राहिले. तिच्या हॉलवर शिकणाऱ्या मुली मी नांदेडला घेईन म्हणाले तर ती म्हणाली, "लाथा शिकवशील त्यांला. ऱ्हाऊ दे."

मागच्या दसऱ्याला लातूरची पाळी होती. मी नुसती पानं घेऊन गेले. तिनं मुलीकडून हॉलवरची जुनी मॅट पुढच्या खोलीत अंथरून घेतली होती.

"ड्रेस आणलास न्हाई?"

"नाही."

"माझा घाल मग. आडवी हो."

नियम तिनंच केला. तिला माझ्या छातीवर आडवं झोपवायचं. वीस आकडे होईपर्यंत मी निसटले नाही तर ती जिंकली. मुलगी घाबरली. "मावशी, आईला लागलं म्हणजे?"

"तू आकडे मोज," आईनं तिला गप्प केलं.

मुलीनं तिला माझ्यावर ठेवलं. वजन फारसं उरलं नव्हतं, पण होतं ते सगळं तिनं बरोबर जागी टाकलं होतं. हनुवटी माझ्या बरगडीत रुतवली, पाय पसरून टेकवले. मुलगी मोजू लागली. मी छताकडे बघत पडून राहिले. वीस होऊ द्यायचे, असं मी आडवी होतानाच ठरवलं होतं.

आठवर तिनं तोंड माझ्या कानाकडे वळवलं. शब्द जड होते, पण कळले.

"पेशंट समजून सोडायलीस का मला?"

मी कंबर उचलली, तिनंच किनवटला शिकवलं होतं तशी, आणि वळले. एका हातानं तिची मान धरली आणि बाकी सगळा जोर लावला. चौदाला बाहेर पडले. ती पाठीवर पडून धापा टाकत होती. मुलगी पुढे आली, तिला तिनं नजरेनं थांबवलं.

"हारले," ती म्हणाली. "काढ ड्रेस."

मी नको म्हणाले नाही. न्हाणीघरात तिला स्टुलावर बसवलं, टबात जॅकेट आणि पावडर टाकली. तिनं पाय आत सोडले आणि जॅकेट तुडवायला लागली, गोधड्या तुडवतात तसं. अर्धा तास लागला. मध्ये दोनदा थांबली. पाणी तेवढं मी बदललं.

शेवटी तिनं टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिळायला मी हात लावू का, हे मी विचारलं नाही. जॅकेट तसंच उचलून अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि तिला दारात खुर्चीवर आणून बसवलं. पाणी ठिबकत होतं. गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही ते बघत बसलो.