वकीलसाहेबांचे बेलाचे सरबत

गोंदियाचे ते वकीलसाहेब सभेत समता सांगत आणि घरी बेलाचे सरबत स्वतः करत. "लिंबू आखिर में पिळायचं, समझे?" असे प्रत्येक पाहुण्याला बजावत.

बी.ए. झाल्यावर मी नोकरीसाठी त्यांची शिफारस मागायला गेलो. सालेकशाच्या जंगलातून बेल आणणारी गोंड बाई अंगणात बसून हाताने गर काढून देत होती. साहेबांनी तो कालवून गाळला, लिंबू पिळले. मला चांदीचा पेला दिला. तिच्या ओंजळीत वरून धार धरली.

"गर माह्याच हातचा हाय ना, साहेब? मंग दुरून काऊन वतून राहिले?"

"गाळलंय ते," साहेब म्हणाले.

तिने ओंजळ सोडली आणि ती निघून गेली.

"कसं झालंय?" साहेबांनी मला विचारले.

"उत्तम, साहेब."

शिफारसपत्रात त्यांनी मला स्पष्टवक्ता म्हटले.