अधिकार दिला कुणी?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये एक काका माझ्या शेजारी बसायचे. युरोपात धंदा करणाऱ्या एका कंपनीत वकील होते. दर वाक्यात ‘बरं का’ यायचंच. तेव्हा युरोपियन युनियन आपल्या सगळ्या देशांसाठी करारांचा एकच कायदा करणार, अशी चर्चा होती. काकांच्या कंपनीला तो हवाच होता. बॉसनं त्यांना पाठिंब्याचं मत लिहायला सांगितलं.

“मी नाही म्हटलं, बरं का,” काका म्हणाले. “कायदा सोयीचा आहे. पण लोकांच्या आपसातल्या करारांत हात घालायचा अधिकार युनियनला दिला कुणी?”

“काका, जॉब जाईल!”

“गेला की. आज टेबल रिकामं करायला चाललोय.”

मग वाटभर ते मला तो मुद्दा रंगवून सांगत राहिले. न्यूयॉर्क कधी आलं कळलंच नाही. तसा प्रवास पुन्हा झाला नाही.