चार फोन आणि एक चिऊ

आमच्या चिऊला एकूण चार आया आहेत. त्यातल्या दोघांना मिशा आहेत.

दीड वर्षाची पोर, पण खायचं नावच घ्यायची नाही. घास दिला की गालात ठेवून आमच्याकडं बघत बसायची! म्हणून मी लेकरांच्या आहाराचं, चारायची वेळ झाली की वाजणारं ॲप घेतलं. (आमच्या माकणी गावात मोबाईलमधलं मला लई कळतं, असं माझं स्वतःचं मत आहे.) तेच बायकोच्या, म्हणजे मनीषाच्या, आईच्या आणि अण्णांच्या फोनातही टाकलं. सगळे फोन एकदम कोकलायला नकोत म्हणून वेळा थोड्या पुढंमागं लावल्या. एकानं चारलं की बाकीच्या फोनांना आपोआप कळतं, अशी माझी समजूत होती.

कशाचं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाचा फोन वाजला. तिनं नाचणीची पेज पाजली आणि धुणं घेऊन मागं गेली. मग आईचा वाजला. तिनं चिमण्या दाखवत वरणभात चारला. मी शेतातून येतोय तोवर माझा वाजला. मी केळं कुस्करून दिलं. आणि नेमकी त्याच दिवशी पोर सगळं गिळत होती!

शेवटी अण्णा. त्यांनी शिरा भरवला, वर मलाच झापलं, "लेकराला कुणी इचारतच न्हाय व्हय रं? बघ कसं खातंय!"

थोड्या वेळानं चिऊनं अण्णांच्या धोतरावर सगळं परत केलं आणि मान टाकून गप पडली. आई तर रडायलाच लागली. शेजाऱ्याची जीप काढून आम्ही चौघंही तिला घेऊन लोहाऱ्याला दवाखान्यात पोचलो.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेज," मनीषा म्हणाली.

"वरणभात," आई म्हणाली, "तूप घालून."

"केळं," मी म्हणालो.

"शिरा!" अण्णा म्हणाले. "उपाशी होती की ओ ती!"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "एवढं तर मी लग्नातसुद्धा खात नाही!"

त्यांनी चिऊला नीट तपासलं. "पोर ठणठणीत आहे. पोटाला जरा विसावा द्या, थोडं थोडं पाणी पाजा. पण ही अक्कल कुणाची?"

तिघांनी एकदम माझ्याकडं बोट केलं. ते बघून चिऊनंही केलं!

तेवढ्यात माझ्या खिशातून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन! तुम्ही जागरूक पालक आहात."

"कुणाचा फोन?" डॉक्टरांनी विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणालो.