टेकडीवर आडवी

घरातून निघताना दोन गोष्टी सोबत होत्या: बहिणीकडून मागून आणलेला कॅमेरा आणि डॉक्टरांची ताकीद. "महिनाभर रोज संध्याकाळी चाला, डोकं शांत ठेवा. बीपी उतरलं नाही तर गोळी सुरू, तीही जन्मभर." मी चालले, पण ऑफिस डोक्यात घेऊन. आकडा हलला नाही, आणि तपासणी उद्यावर आली. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. चाळिशीत गोळी लागणारीही पहिली मला व्हायचं नव्हतं.

निसर्गाचे फोटो काढले की मन शांत होतं, असं वाचलं होतं. वाचलेल्यावर माझा विश्वास आहे. वाचूनच मी इथवर आले.

कोथरूडच्या सोसायट्या संपतात तिथे टेकडी सुरू होते. स्कूटर खाली लावली. मे महिन्यात टेकडीचा रंग भाजलेल्या भाकरीसारखा, मधेच एखादा बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला. चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. मला वाटलं, तहान. वर गेल्यावर कळलं, ते पाणी पक्ष्यांच्या परळात (मातीच्या पसरट भांड्यात) ओतायचं असतं. माझं मी वाटेतच पिऊन टाकलं होतं.

"रिकाम्या हाताने आलात?" पांढऱ्या टोपीतल्या आजोबांनी विचारलं.

"कॅमेरा आहे की!"

"तो पितात का पक्षी?"

तेवढ्यात परळावर नाचण (शेपटीचा पंखा करून नाचणारा इवलासा पक्षी) उतरला. फोटोसाठी पक्ष्याच्या उंचीला यावं, हेही वाचलेलं. मी सरळ पालथी पडले. दगड अजून कोमट होते. नाचण यायचा, जायचा. खालचे हॉर्न लांब गेले, ऑफिस त्याहून लांब. डोळे कधी मिटले, कळलंच नाही.

जाग आली ती कांद्याच्या वासाने. एक बाई माझ्या नाकाशी भेळेचा पुडा धरून बसल्या होत्या.

"बारीक चिरलेला आहे, पण चालेल ना शुद्धीवर आणायला?"

"पाणी मारा!" म्हणत आजोबांनी अख्खं परळ माझ्या डोक्यावर उपडं केलं.

"अहो, झोपले होते मी!"

"टेकडीवर? झोपायला सदाशिव पेठ काय कमी पडली?"

"गप्प बसा हो आजोबा," घोळक्यातल्या निवृत्त नर्सबाईंनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं. "नाडी अगदी संथ आहे. खरंच झोपलीय ही बया."

सगळ्यांची जरा निराशाच झाली. भेळवाल्या बाई पुडा घेऊन उठल्या. आजोबा म्हणाले, "परळ आता भरणार कोण?"

मीच. खाली उतरले, बाटली भरली, ओल्या केसांनी पुन्हा चढले. नाचण कुठेच नव्हता. फोटो एकही नाही. घरी परतताना मात्र सिग्नलला मागचा कर्कश हॉर्न वाजवत राहिला, तरी मी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. टेकडीवरून एवढं नक्की सोबत आलं होतं.

सकाळी डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला. आकडा खाली!

"पाहिलंत? हा चालण्याचा फायदा. गोळी नको."

मी मान डोलावली. चालून नव्हे, झोपून उतरलं, हे सांगून उगाच त्यांचं बीपी कशाला वाढवायचं?