नखतात्यांनी गाडी पारखली

नखतात्या मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते माझ्या बागेत पालथे पडून माती चाखत होते. गुलाब बघायला मीच बोलावलं होतं, पण हा धिप्पाड माणूस बागेपासून सुरुवात करून अख्खी पृथ्वी संपवायला निघालाय असं मला वाटलं. मी धावत गेलो. त्यांनी वर न बघता एक बोट उचलून मला थांबवलं आणि एखादं साम्राज्य बुडून दुसरं उभं राहील इतका वेळ तोंडातली माती घोळवली. मग उठून बसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी न केलेले गुन्हेही मला आठवायला लागले.

"इथे काय पुरलंय?"

काही नाही, म्हणालो. सगळे असंच म्हणतात, असं पुटपुटून त्यांनी संध्याकाळपर्यंत बाग खणली. काहीच निघालं नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की फार खोल पुरलं असणार. खणल्यामुळे गुलाब मात्र असे फुलले की मी त्यांना कायमचं कामावर ठेवलं.

रोप घेताना तात्या अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडून बघत. खाली हिरवं दिसलं तर रोप जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेलं. सगळेच माळी हे करतात, पण तात्या सगळ्याच गोष्टींना करत. दरवाजे, पेढीवरचा काउंटर, एकदा तर जावयाच्या घड्याळाचा पट्टा. म्हणून नाव पडलं नखतात्या.

वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, महिनाभर चकरा मारून हॉस्पिटलच्या बागेचं काम मिळवलं होतं. मोठं आवार, बारा महिने काम. वहिनींची कंबर हातगाडी ढकलून ढकलून कामातून गेली होती. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांची अट एकच होती: एक तारखेला स्वतःच्या गाडीतून सामान घेऊन हजर व्हायचं, नाहीतर काम दुसऱ्याला. तेव्हा गाडी हवी होती, आणि ती तात्यांनी पसंत करायची होती. वहिनींनी मला बरोबर जायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही, गरजही नव्हती.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी होती. पांढरी, धुतलेली, टायर काळेभोर. ती दिसताच तात्यांचा चेहरा पडला.

"भाऊ, ही आत्ताच पुसलीय."

विकायची गाडी पुसणारच, असं मी म्हटलं. त्यावर तात्यांनी मला बाजूला घेऊन रोपवाटिकेतलं गुपित सांगितलं. गिऱ्हाईक यायच्या आधी तिथे पानांना तेलाचा हात फिरवतात, आणि ज्या रोपाची पानं सगळ्यात जास्त चकाकतात त्याचीच मुळं सडलेली असतात. एवढं सांगून ते गाडीजवळ गेले आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत दारावर नख ओढलं. पांढऱ्याखाली करडा रंग निघाला. तात्यांनी खिन्नपणे मान हलवली. दुकानदार म्हणाला की तो अस्तराचा रंग आहे, सगळ्या गाड्यांना असतो. तात्या म्हणाले, मुळं दाखवा.

"गाडीला मुळं नसतात, काका."

"असं तुम्ही म्हणता," तात्या म्हणाले, आणि आम्हाला हात धरून बाहेर सोडण्यात आलं.

दुसरी गाडी एका बेकरीवाल्याची. गुडघे दुखतात म्हणून विकतोय, असं तो म्हणाला. तात्यांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी बेकरीवाल्याचे गुडघे तपासले. तो मैद्याच्या पोत्यासकट जिना चढला, उतरला, पुन्हा चढला. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नाही. हा माणूस काहीतरी लपवतोय, अशी तात्यांची खात्री झाली. तिकडे बेकरीवाल्याचीही झाली होती, कारण थोड्या वेळाने तो लाटणं घेऊन रस्ता ओलांडून आला, आणि खरोखर अजिबात न लंगडता आला.

एक तारीख जवळ आली. वहिनी माझ्याशी नीट बोलेनात. तुम्हाला याच्यासाठीच पाठवलं होतं का भावोजी, एवढंच एकदा म्हणाल्या.

तिसरी गाडी एका नळदुरुस्तीवाल्याच्या परसात सापडली. धुळीने माखलेली, टायर चपटे. आणि मागच्या दाराच्या फटीतून, रबराच्या कडेला, नेच्याचं एक कोवळं रोप डोकावत होतं. तात्या गुडघ्यांवर बसले. नख पुढे केलं आणि, मी पाहिलेल्या एकमेव वेळी, मागे घेतलं.

"याला कोणी पाणी घातलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "कोणी पुसलेलं नाही. हे आपण होऊन आलंय. खोट्या जागी नेचा येत नाही, भाऊ."

नळवाला भला माणूस. गाडी कित्येक दिवस हललेली नाही, पावसाचं पाणी आत येतं, हे त्याने स्वतःच सांगितलं. मी तात्यांना कोपराने ढोसलं. तात्या माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाले, बघा, खरं बोलतोय. आयुष्यभर साठवलेला सगळा विश्वास त्यांनी त्या एका दुपारी त्या एका गाडीवर ओतला.

गाडी ढकलत घरी आणली. वहिनींनी ती चारी बाजूंनी बघितली.

"अहो, निदान मागची फट तरी बुजवून घ्या."

"अगं, नेचा मरेल."

मेकॅनिकने इंजिन सुरू करून दिलं. फटीला त्याने हात लावू नये म्हणून तात्या तिथेच खुर्ची टाकून बसले.

एक तारखेला सकाळी खताची पोती, कुदळी आणि गवत कापायचं मशीन भरून आम्ही निघालो. वहिनी पुढे, नवी साडी नेसून. हॉस्पिटलच्या फाटकाशी गतिरोधक होता. व्यवस्थापक दारात उभेच होते. गाडीने उडी घेतली, मागे कडाड आवाज झाला, आणि मशीन, पोती, कुदळी, सगळं तळातून खाली रस्त्यावर आलं. तात्यांनी उतरून वाकून पाहिलं. कुजलेल्या पत्र्यात नेच्याची मुळं पार पुढच्या सीटपर्यंत गेली होती.

"आणि तो म्हणे मुळं नसतात," तात्या म्हणाले. वहिनींनी पदराने तोंड पुसलं.

हॉस्पिटलचं काम दुसऱ्या माळ्याला मिळालं. त्याला माणसं हवी होती, म्हणून तात्या आणि वहिनी आता त्याच्याकडे रोजावर जातात. त्याच्या गाडीत वहिनी पुढे बसतात. तात्या मागे, औजारांत, ड्रायव्हरवर नजर ठेवून. गाडी तीच पांढरी आहे, दारावर नखाची रेघ आहे, आणि ती अजून एकदाही बंद पडलेली नाही.