यंदा गौरी कशावरनं आल्या

हल्ली पुण्यात पैसे भरून लोकांना माती कालवायला शिकवतात. एप्रन देतात, मागं बासरी लावतात आणि दोन तासांनी वाकडी पणती हातात ठेवून सांगतात की तुमच्यातला कलाकार जागा झाला. माझ्या चुलतीसाठी कुणी बासरी लावली नाही. तिला पहाटे म्हशी उठवतात. कलाकार तिच्याबरोबरच उठतो, त्याला वेगळी सोय नाही.

काकीचं माहेर वडगाव रासाईचं, सासर भीमेच्या अलीकडच्या काठाला, दौंड तालुक्यात. वर्षभर घरात तिचं बोलणं कुणी ऐकत नाही. मीही ऐकत नव्हते, आणि मी तर त्या काळात बायकांच्या आवाजावर पत्रकं लिहून गावोगाव वाटत होते.

अपवाद गौरीपूजनाच्या दुपारचा. गौरी घरात आणताना दारात विचारायचं असतं, कशाच्या पावलांनी आल्या. उत्तर ठरलेलं असतं, सोन्यामोत्यांच्या. काकीला ते कधी पटलं नाही. "सोन्याच्या पावलानं कुनी दौंडपातुर चालत येतं व्हय, टाचा फुटत्याल की." म्हणून ती दरवर्षी त्यांना वाहन देते. एकदा त्या उसाच्या ट्रॉलीवर बसून आल्या. एकदा एमआयडीसीतल्या कंपनीच्या बसनं आल्या, तेव्हा गेटपास नाही म्हणून वॉचमननं धाकटीला अडवलं आणि थोरलीनं त्याला काकीच्या हिंदीत झापलं. त्या प्रवासाचा सगळा मुलूख ती गौरींपुढं मांडायची. नदीकाठची काळी माती, जोंधळ्याची धाटं, ठिबकच्या पाइपाचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, आणि मधोमध मातीच्या बोटभर दोघी बहिणी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उंबऱ्यातच विचारायच्या, "यंदा कशावरनं आल्या गं?" मग काकी दोघींना हातानं पुढं सरकवत गोष्ट सांगायची. एकदा सांगितलेली गोष्ट ती परत सांगत नाही. ज्याची चुकली त्याची चुकली.

एवढं सुरळीत चाललेलं असताना गावाला प्रबोधनाची गरज आहे, असं आम्हाला वाटलं. तरुण मंडळानं गौरी सजावट स्पर्धा जाहीर केली. फ्लेक्सवर गौरी अंगठ्याएवढ्या होत्या आणि बक्षीस देणारे भाऊ आभाळाएवढे. नियम लिहायला मंडळाला लिहिता येणारं माणूस हवं होतं. ते मी होते. सामाजिक संदेशाला चाळीस गुण, कलाकुसरीला दहा, असं मीच लिहिलं. खाली ठळक अक्षरांत घातलं की संदेश नसलेला देखावा बाद. घराघरांत चाललेल्या निरर्थक हौसेला दिशा द्यायची होती मला. हे शब्दही माझेच, पत्रकातले.

दिशा द्यायला पहिलं घर सापडलं ते काकीचं.

"काकी, यंदा नदीप्रदूषण घे. वरच्या शहरांचं सांडपाणी आपल्या भीमेत येतं, फेस तरंगतो, कुणाला काही वाटत नाही."

"मला वाटतंय की. धुनं धुयाला मीच जाते."

"मग लोकांना सांगायला नको?"

"सांगते ना. दोघी नदीतनं येत्यात असं करू."

"गोष्टबिष्ट नको. परीक्षक गंभीर असतात. मी पुठ्ठ्यावर संदेशाचे फळे लिहून देते."

"तू शिकल्याली हायेस," ती म्हणाली. हे कौतुक होतं असं मी धरून चालले.

मी सात फळे लिहिले. लाल अक्षरं, खाली दोन रेघा. काकीनं नदी मात्र अशी केली की पाहत राहावं: निळ्या साडीच्या फाटक्या पदराचं पाणी, त्यावर पिंजलेल्या कापसाचा फेस, काठाला पालथे पडलेले मातीचे मासे. दोघी बहिणींना तिनं गोणपाटाखाली ठेवून दिलं. संदेशात त्यांचं काम नव्हतं.

दुपारी बायका आल्या आणि उंबऱ्यातच विचारत्या झाल्या, "कशावरनं आल्या गं?"

काकीनं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. "यंदा संदेश हाय," ती म्हणाली.

"आसं व्हय," त्या म्हणाल्या आणि टेकल्यासुद्धा नाहीत. पुढची टोळी आली, हळदीकुंकू लावून घेतलं, गेली. सातांपैकी एकही फळा कुणी वाचला नाही. ज्या दुपारी बायका दिवेलागणीपर्यंत हलायच्या नाहीत, त्या दुपारी तासाभरात घर रिकामं झालं. काकी करंडा हातात धरून भिंतीला टेकून बसली. कुणी काही टाकून बोललं असतं तर मी भांडले असते. कुणी काही बोललंच नव्हतं. वर्षात एकदा तिच्याकडं ऐकायला येणारी माणसं मी दारातून परत पाठवली होती, तीही चाळीस गुणांसाठी.

मग शेजारच्या घरातली म्हातारी मामी, जी मघाशी सगळ्यांबरोबर निघून गेली होती, काठी टेकत परत आली. "आगं, पन त्या आल्या तरी का न्हाई? का रस्त्यातच हायत्या? मला जेवन गोड लागंना."

काकीनं या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही. गोणपाटाखालून दोघींना काढलं. नदीपलीकडच्या काठावर उभं केलं. "आल्या वडगावपातुर. आन् धाकटी म्हनली, मी ह्या पान्यात पाय घालायची न्हाई."

"बराबर हाय," मामी खाली बसली.

"थोरली म्हनली, मग ऱ्हा हितंच. आन् माहेरला काय सांगू, माझी भन पान्याला भ्याली?"

कुणी बोलावलं कोण जाणे, पण बायका परतायला लागल्या. एक पोरगी कडेवर घेऊन, एक अर्धं ताट झाकून ठेवून आलेली. काकीनं माझा सगळ्यात मोठा फळा उचलला, मजकुराकडं न बघता आडवा केला, पाण्यावर ठेवला आणि धाकटीला त्यावर बसवलं. तराफा झाला. पालथे मासे एकेक करून, आपल्याला कुणी मारलं ते थोरलीला सांगायला लागले. हसता हसता एकजण मधेच म्हणाली, "आमच्या शेळीनं त्येच पानी प्यालं व्हतं गं." मग कुणीच हसलं नाही. सात फळ्यांना जे जमलं नव्हतं ते एका मेलेल्या मातीच्या माशानं केलं.

तेवढ्यात परीक्षक म्हणून निवृत्त गुरुजी गुणपत्रक घेऊन दारात आले. "संदेश कुठं लिहिलाय?"

"बसा गुरुजी," मामी म्हणाली. "दोघी आजून मधल्या धारंत हायत्या. आन् चपला भाईर काडा."

गुरुजी बसले. पेन खिशात गेलं. देखावा अर्थातच बाद झाला, माझ्याच नियमानं, माझ्याच ठळक अक्षरांनी. त्याचं काकीला काहीच वाटलं नाही. बक्षीस मिळालं एका घराला, जिथं गौरींच्या हातात स्वच्छतेचे झाडू दिले होते. भाऊंनी भाषणात त्यालाच कला म्हटलं.

गुरुजी बसले तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसायला जागा शोधत होते. काकीनं मान वर न करता सांगितलं, "तू च्या टाक. पंदरा जनी हायती, साकर बगून घाल."

चुलीपाशी मला भिंतीपलीकडचं हसू तेवढं ऐकू येत होतं. एकदा सगळ्या एकदम गप्प झाल्या, बराच वेळ. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा दोघी बहिणी अलीकडच्या काठाला पोचलेल्या होत्या, आणि थोरलीच्या हातात एक मासा होता, सुलटा.

तो कसा जिवंत झाला ते मला माहीत नाही. मामीला विचारलं तर ती म्हणते, तवा बसायचं व्हतंस. काकीला दोनदा विचारलं. ती म्हणते, "पत्रकात बग, त्येच्यात आसंल."