पिनकोड ते पिनकोड

आमच्या शिक्षणसंस्थेच्या लातूरच्या कार्यालयानं ठरवून टाकलं, की मी आणि माझी बायको जवळजवळच नोकरी करतो. दोघंही शिक्षक. मी नायगावात, घरही तिथंच; ती देगलूरच्या अलीकडच्या एका वाडीवर. नवराबायकोच्या शाळा लांब असल्या तर बदलीत त्यांचा आधी विचार होतो. लांब की जवळ, ते आता संगणक सांगतो. दोन पिनकोड टाकले की तो मध्ये सरळ रेघ ओढतो. आम्ही मर्यादेच्या आत निघालो. तिचा बदलीचा अर्ज बाद.

वाडीचा पिनकोड ज्या पोस्टाचा, ते नदीच्या आमच्या बाजूला आहे. वाडी पलीकडे, आणि पूल नाही. म्हणून ती रोज एसटीनं थेट देगलूर गाठते आणि तिथून जीपनं उलटी मागं येते. हे सांगायला मी रजा टाकून लातूरला गेलो.

"कोडवरून काढलंय सर, बरोबर हाय," तिथले बाबू म्हणाले.

"तुम्ही पोस्ट ते पोस्ट मोजलंय. तिची शाळा काय पोस्टात भरते?"

"समद्यांना तीच पट्टी लावली. मॅडमला येगळी कशी लावावी?"

"मग नदी?"

"नदीचा रकाना न्हाई सर त्यात."

त्यांनी मला चहा पाजला. त्यानं तर मी जास्तच चिडलो. माणसाच्या आयुष्यातले रोजचे तास खायचे आणि वर चहा पाजायचा.

घरी आल्यावर तिच्यापुढं तोच संताप पुन्हा ओकला. ती भाजी निवडत ऐकत होती.

"त्यांनी रस्ता बघितला न्हाई, खरंय," ती म्हणाली. "तुम्ही तरी कधी बघितला?"

मी भाजीची एक जुडी माझ्याकडं ओढली.

"देगलूरला घर करू म्हणून मागं लागले होते मी. तुम्ही काय म्हणालात?"

लांब पडेल, म्हणालो होतो. मला लांब पडेल. ते अंतर मी बसल्या जागी काढलं होतं. माझ्या मोजणीत ती नव्हतीच.

कार्यालयावरचा राग गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. दुसरा अर्ज केला आहे. पण त्याच्या उत्तराची वाट न बघता रविवारी आम्ही देगलूरला भाड्याची खोली बघून आलो. पुढच्या महिन्यापासून नायगावची गाडी मी धरायची.